आपली वर्षं कोणाच्या वहीत?



बचत गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न सारखा निघतो. एकाच मालकाकडे वर्षानुवर्षं काम करावं, की जिथं चार पैसे जास्त मिळतील तिथं जावं? मोठ्या बायांचं म्हणणं असतं की टिकून राहिलं तर मालक अडीअडचणीला उभा राहतो. मुली म्हणतात की ओळखीनं मजुरी वाढत नाही, काम बदललं की वाढते. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण हा प्रश्न आज नवीन आलेला नाही. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या बायांनी तो बिडीच्या कामात दोन-तीन पिढ्या भोगला आहे, आणि बिडी कामगारांच्या निमित्तानं तो दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. आज तोच इतिहास सांगते. त्यातून आपल्याला आजच्या कामाचं गणित मांडता येईल.

बिडी यायच्या आधी कसं होतं, तिथून सुरुवात करू. आपला मुलूख धानाचा, तलावांचा, आणि मालगुजारीचा. आजही आपण ‘मामा तलाव’ म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गावात काम होतं ते मुख्यतः शेतीचं. ज्याला जमीन नाही तो सालगडी लागायचा. वर्षाचं साल ठरायचं, थोडं धान्य, थोडे पैसे, आणि अडचणीला उचल. ती उचल वर्षाअखेर फिटली नाही की पुढचं सालही त्याच घरी. गड्याची बायको गोठा झाडायची, शेण काढायची, रोवणीला जायची, आणि तिचं काम बहुतेक वेळा नवऱ्याच्या सालातच धरलं जायचं. बाहेरून पाहणारा म्हणेल, काय निष्ठा आहे, वीस वर्षं एकाच घरी! पण पाय अडकला होता तो उचलीत. मालगुजारी 1951 मध्ये गेली. कर्जापायी माणसाला कामाला बांधून ठेवणं मात्र देशभर गुन्हा ठरलं ते 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं.

इथं पहिली गोष्ट लक्षात ठेवा. कोणी एका ठिकाणी किती वर्षं राहिलं एवढ्यावरून ते काम चांगलं होतं असं ठरत नाही. सोडून जायची मोकळीक असताना राहिलं का, हे विचारावं लागतं.

आता बिडी. 1899 साली गुजरातेत मोठा दुष्काळ पडला, त्याला तिकडे छप्पनियो म्हणतात. त्या काळात तिकडून बरीच कुटुंबं पोटासाठी मध्य प्रांतात आली. इथल्या जंगलात तेंदूची झाडं अमाप होती. तेंदूचं पान पातळ, लवचीक आणि वळायला सोपं. रेल्वे आलेली होती, त्यामुळे तंबाखू बाहेरून आणता येत होता आणि माल दूर पाठवता येत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरकडे धंदा सुरू झाला आणि पुढे तो सागर, नागपूर, भंडारा, गोंदियापर्यंत पसरला. गोंदियात मनोहरभाई पटेलांच्या घराण्याचा बिडीचा व्यवसाय मोठा झाला. 1958 मध्ये त्यांनीच गोंदिया शिक्षण संस्था काढली, हे आपल्याला ठाऊक आहे.

बाईसाठी बिडीचं महत्त्व काय होतं? पानं भिजवायची, पत्र्याच्या साच्यावर कापायची, चिमूटभर तंबाखू भरायचा, वळायची, दोरा बांधायचा. हे काम म्हातारीला जमतं, बाळंतिणीला जमतं, पायानं अधू असलेल्या बाईलाही जमतं. शिवाय हजार बिड्यांमागे मजुरी रोख मिळते. ज्या घराला वर्षभर एकाच शेतमालकाच्या तोंडाकडे पाहावं लागत होतं, त्या घराला दुसरा दरवाजा उघडला. एक मालक नको असेल तर दुसरीकडे जाता येतं, ही गोष्ट अनेक घरांनी पहिल्यांदा बिडीमुळे अनुभवली.

आणि हेच सरकारला खुपलं. मजूर बिडीत गेले तर शेतीला कोण, असा प्रश्न उभा राहिला. म्हणून 1948 मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या सरकारनं एक कायदा केला. आपला जुना भंडारा जिल्हा त्याच प्रांतात होता. शेतीच्या हंगामात ठरावीक गावांमध्ये बिडी वळण्यावर जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर बंदी घालू शकतो, असा तो कायदा होता. 1950 मध्ये सागर जिल्ह्यात अशी बंदी आली. हंगाम संपेपर्यंत त्या गावांतल्या कोणीही बिडी वळायची नाही आणि कारखानदारानंही त्यांना काम द्यायचं नाही, असा हुकूम निघाला.

त्याविरुद्ध एक बिडी कारखानदार आणि एक कामगार, असे दोघे सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. 8 नोव्हेंबर 1950 ला निकाल लागला आणि ती बंदी रद्द झाली. न्यायालयानं काय पाहिलं ते ऐका. शेतीला मजूर मिळावेत हा हेतू ठीक, पण बंदी सगळ्यांवरच घातली. ज्या म्हाताऱ्या माणसांना, बायांना शेतात काम करणं जमतच नाही, जे फावल्या वेळात बिड्या वळून दोन पैसे मिळवतात, त्यांचं पोट कशासाठी मारायचं? काय काम करायचं हे निवडायचा हक्क घटनेनं दिला आहे, तो असा सरसकट काढून घेता येत नाही. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला चिंतामणराव यांच्या नावानं आजही शिकवला जातो. काम बदलायचा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही, एवढं त्यातून घ्या.

पण गोष्ट इथं संपत नाही. काम बदलायची मोकळीक मिळाली, तरी काम करण्याचे फायदे कोण देणार हा प्रश्न उरलाच.

बिडीच्या धंद्यात मालक आणि बाई यांच्यामध्ये एक माणूस असतो, तो सट्टेदार. मालक सट्टेदाराला पान, तंबाखू देतो. सट्टेदार घरोघरी वाटतो, तयार बिड्या गोळा करतो आणि कारखान्यात पोचवतो. बाई बिड्या वळते कोणासाठी? छाप मालकाचा, तंबाखू मालकाचा, नफा मालकाचा. पण विचारलं तर मालक म्हणणार, ही माझी कामगार नाही, सट्टेदाराला विचारा. आणि सट्टेदार म्हणणार, मी कसला मालक, मीही मजूरच. अशा रीतीनं तीस वर्षं बिड्या वळलेली बाई कोणाचीच कामगार नसते.

1958 मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयानं सांगितलं की सट्टेदार हे कारखाना कायद्याखाली कारखान्याचे कामगार नाहीत. मग नागपूरच्या एका बिडी कारखान्यातल्या कामगारांनी रजेचा पगार मागितला. ते कारखान्यात बसून बिड्या वळत, पण वेळेवर यायची सक्ती नव्हती आणि मजुरी नगावर होती. मालक म्हणाला, हे आपल्या मर्जीनं येतात-जातात, मग हे माझे नोकर कसे? 1960 च्या डिसेंबरात न्यायालयानं कामगारांच्या बाजूनं निकाल दिला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका बिडी कामगाराच्या खटल्यात उलटा निकाल लागला. त्याला हवं तेव्हा यायची-जायची मोकळीक आहे, म्हणून तो कायद्यानं कामगार नाही आणि त्याला रजेचा पगार नाही!

बायांनो, यातली गंमत पाहा, म्हणजे गंमत नव्हे, दुखणं पाहा. जो बांधलेला होता त्याला सोडता येत नव्हतं. आणि ज्याला थोडी मोकळीक होती त्याला सांगितलं गेलं की तू मोकळा आहेस, म्हणून तुला हक्क नाहीत. घरी बसून, पोराला मांडीवर घेऊन, चुलीवर लक्ष ठेवून बिड्या वळणारी बाई तर या दोघांच्याही मागे उभी होती.

तिची कायद्यात दखल घेतली गेली ती 1966 मध्ये. त्या साली संसदेनं बिडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात स्पष्ट लिहिलं की मालकानं किंवा ठेकेदारानं दिलेला कच्चा माल घेऊन घरी बिडी वळणारी व्यक्तीसुद्धा कामगारच आहे. वर्षात काम केलेल्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा ठरली. सहा महिने किंवा जास्त काम केलेल्याला योग्य कारणाशिवाय, आणि एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार दिल्याशिवाय, काढता येणार नाही असं ठरलं. मालक लोक याविरुद्ध न्यायालयात गेले. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा कायम ठेवला. 1977 मध्ये भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपण ज्याला पी.एफ. म्हणतो, तो बिडी धंद्याला लागू झाला. घरी बसून काम करणाऱ्यांना तो लागू नाही, असा वाद मालकांनी पुन्हा काढला. 1985 मध्ये निकाल आला की त्यांनाही लागू आहे.

त्या निकालाचं एक कारण मला फार मोलाचं वाटतं. बिड्या नेऊन दिल्या की तपासणी होते. काही बिड्या नापास करून बाजूला काढतात, त्याला छाट म्हणतात. छाटीच्या बिड्यांची मजुरी बुडते. छाटीवरून बायांचे जितके वाद झाले असतील तितके दुसऱ्या कशावरून झाले नसतील. पण न्यायालयानं म्हटलं, ज्याला तुमचा माल नापास करायचा अधिकार आहे, त्याचा तुमच्या कामावर ताबा आहे. आणि ज्याचा ताबा, तोच मालक. ज्या छाटीनं बाईची मजुरी खाल्ली, तिनंच मालकाचं नातं सिद्ध करून दिलं.

हक्क कागदावर आले. तरी अनेक बायांच्या हाती काही आलं नाही. का? कारण यातल्या बऱ्याच हक्कांना एक अट असते, ती म्हणजे सलग काम. इतके महिने, इतकी वर्षं. आणि सलग काम कशावरून मोजायचं? नोंदवहीवरून. घरी काम करणारीचं नाव हजेरीपटावर नसलं, सट्टेदार बदलला, किंवा वळणारी सासू आणि नाव दुसऱ्याच कोणाचं असलं, की तिची वर्षं वाया गेली. हातांनी वीस वर्षं काम केलं, वहीत मात्र दोनच सापडली.

आता थोडं नागपूरला जाऊ, म्हणजे दुसरी बाजूही दिसेल. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मजूर नियमित येत नसत, थोडे पैसे जमले की घरी बसत. टाटांनी त्यांना दमदाटी करून बांधलं नाही. राहणाऱ्याचा फायदा होईल अशा गोष्टी सुरू केल्या. 1886 मध्ये पेन्शनचा निधी काढला, 1895 पासून अपघाताची भरपाई सुरू केली. म्हणजे राहिलेली वर्षं मोजली गेली, म्हणून माणसं राहिली. इथं आईचं म्हणणं खरं ठरतं. पण तीच मिल 1986 मध्ये सरकारी महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये बंद पडली. म्हणजे चांगला मालकही कायमचा नसतो. सगळी भिस्त एका मालकावर टाकली असेल, तर तो बुडाला की आपणही बुडतो.

मग करायचं काय? या इतिहासावरून मी आपल्या कमाईचे तीन कप्पे करते. तुम्हीही करून पाहा.

पहिला कप्पा मालकासोबत जोडलेल्या फायद्यांचा. मालक सोडला की हे थांबतात. यातला मोठा फायदा म्हणजे ग्रॅच्युइटी. 1972 च्या कायद्यातून आलेल्या नियमानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, सलग पाच वर्षं काम केल्यावर, दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार मिळतो. समजा, एका बाईचा महिन्याचा पगार 7,800 रुपये आहे. हिशोबात महिना 26 दिवसांचा धरतात, म्हणजे दिवसाचे 300 झाले. पंधरा दिवसांचे 4,500. पाच वर्षांचे 22,500 रुपये. ती चार वर्षं झाल्यावर पाचशे रुपयांच्या वाढीसाठी काम सोडते. नव्या जागी वर्षभरात तिला 6,000 रुपये जास्त मिळाले, पण मागे 22,500 राहिले. तीच बाई पहिल्या वर्षीच सोडून गेली असती तर तिचं असं नुकसान झालं नसतं. म्हणून सोडायचं की नाही याच्याइतकंच कधी सोडायचं हेही महत्त्वाचं. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

दुसरा कप्पा आपल्यासोबत चालणाऱ्या पैशाचा. पी.एफ. हा तसा आहे. 2014 पासून प्रत्येक कामगाराला एकच कायमचा क्रमांक मिळतो, त्याला यू.ए.एन. म्हणतात. मालक दहा बदलले तरी क्रमांक एकच. 1995 च्या पेन्शन योजनेत एकूण दहा वर्षं भरली तर 58 व्या वर्षानंतर दरमहा पेन्शन मिळते. ही दहा वर्षं एकाच मालकाकडची असावी लागत नाहीत. पण काम सोडलं की लगेच पेन्शनचे पैसे काढून घेतले, तर मागची वर्षं पुसली जातात आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. म्हणून काम बदला, पण खातं नव्या ठिकाणी जोडून घ्या.

तिसरा कप्पा धंद्याशी जोडलेल्या फायद्यांचा. 1976 मध्ये बिडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. बिडीवर उपकर बसवून दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती, घरासाठी मदत, अशा योजना सुरू झाल्या. त्यासाठी बाईकडे बिडी कामगाराचं ओळखपत्र लागायचं. मालक कोणता हे दुय्यम, तू हे काम करतेस एवढं पुरे. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा तो उपकर बंद झाला. तरी त्यामागची कल्पना आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात जवळची आहे. कारण आपल्या बाईचं वर्ष कसं जातं? उन्हाळ्याच्या सुरुवातीला मोह वेचायचा, मे महिन्यात तेंदूपान तोडायचं, पावसात बांधीत रोवणी, दिवाळीच्या आसपास धान कापणी, आणि मधल्या वेळात बिडी किंवा रोजगार हमीचं काम. तिला एकच मालक कधी नव्हताच. हंगाम बदलतो तसा मालक बदलतो. अशा बाईला ‘टिकून राहा’ सांगणंही अर्धवट आणि ‘बदलत राहा’ सांगणंही अर्धवट. तिच्यासाठी कामाचं कार्ड, मजुरी जमा होणारं बँकेचं पासबुक आणि गटाची वही हेच कामाचे पुरावे.

अलीकडची एक गोष्ट सांगते. जुने 29 केंद्रीय कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार श्रम संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत. 1966 चा बिडी कायदाही त्यांत सामावला गेला. मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना एका वर्षाच्या कामावरही ग्रॅच्युइटीचा हक्क त्यात दिला आहे. म्हणजे ज्यांच्या नेमणूकपत्रात मुदत लिहिलेली आहे, त्यांचा पहिल्या कप्प्याचा हिशोब बदलतो. म्हणून नेमणूकपत्र मागा आणि ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या.

तर मूळ प्रश्नाकडे येते. राहावं की बदलावं? ज्या ठिकाणी तुमची वर्षं लिहिली जातात, पी.एफ. भरला जातो, रजा मिळते, तिथं थोड्या पैशांसाठी घाईनं सोडू नका. ज्या ठिकाणी दहा वर्षं राबूनही वहीत तुमचं नाव नाही, तिथं मालकाच्या गोड बोलण्यावर थांबू नका. उचल घेतली म्हणून थांबावं लागत असेल, तर ते थांबणं नव्हे, अडकणं आहे. आणि तंबाखूच्या भुकटीनं खोकला जडला असेल, पाठ-मान धरली असेल, तर धंदाच बदलायचा विचार करायला लाजू नका. शरीर गेलं तर कोणत्याही वहीतली वर्षं उपयोगाची नाहीत.

एक काम मात्र या महिन्यात करा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपले कागद घेऊन यायचं. ओळखपत्र, पी.एफ.चा क्रमांक, पासबुक, जॉब कार्ड, जे असेल ते. गटाच्या वहीत प्रत्येकीच्या नावाचं एक पान उघडा. त्यावर लिहा, कधीपासून, कोणाकडे, कोणतं काम, किती मजुरी. ज्यांच्याकडे काहीच कागद नाही त्यांचं पान आधी लिहा. घरी बसून बिड्या वळणारी बाई कामगार आहे, हे मान्य व्हायला 1966 साल उजाडावं लागलं. आपलं काम लिहून ठेवायला आपल्याला कोणत्याही कायद्याची वाट पाहायची गरज नाही.